शेगडीकडे मी बघतो

बुधवारी दुपारच्या प्रयोगात, नाटक संपायला एक वाक्य उरलेलं असताना, म्हातारा ऑगी ब्रँट ते वाक्य विसरला. टेड व्रेतोस तेव्हा प्रेक्षागृहात मागे, शेवटच्या रांगेमागच्या कठड्याला कोपरं टेकून उभा होता. नाटककारानं स्वतःच्या नाटकाला बसायचं नसतं, मागे उभं राहायचं असतं, असं त्याला या धंद्यात पडल्या पडल्या कुणीतरी सांगितलं होतं. बसलेला माणूस अडकतो, उभ्याला निदान पळून जाता येतं, असं त्यामागचं कारण. टेड आजवर कधी पळाला नव्हता. उभा मात्र जन्मभर राहिला होता, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याची कंबर त्याबद्दल रोज तक्रार करत होती. ऑगी विसरला हे त्याला ऑगीच्या आधी कळलं. शेगडीजवळ उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचा उलथणं धरलेला हात थांबला आणि डोळे समोरच्या माणसावरून सुटून हवेत कुठेतरी लागले. दारात मुलगा उभा, निक. अंगात कोट, हातात सुटकेस. आता बापानं म्हणायचं, 'दार लाव. थंडी आत येतेय.' मग मुलानं दार लावायचं, आतून. कोट काढायचा, खुंटीवरचा एप्रन कमरेला बांधायचा, आणि अंधार. एवढंच. छत्तीस वर्षांपूर्वी एका तळघरात घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी तो अंधार पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि वरच्या गळक्या नळाचा आवाज तेवढा येत होता. टेडला तेव्हा वाटलं होतं, जमलं. त्यानंतर तसं वाटल्याचं त्याला फारसं आठवत नव्हतं. आणि आज ऑगीनं तोंड उघडलं, आणि बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो तसं त्याच्या तोंडाला लागलं ते बोलून टाकलं. "तू जा. शेगडीकडे मी बघतो."

क्षणभर काही झालं नाही. मग प्रेक्षागृह टाळ्यांनी फुटलं. माणसं उभी राहिली. टेडच्या समोरच्या रांगेतल्या एका बाईनं ते वाक्य ऑगीबरोबरच म्हटलं होतं, आता ती रडत होती आणि नवऱ्याच्या बाहीला डोळे पुसत होती. रंगमंचावर निकचं काम करणारा नट गांगरून उभा. बापानं जा म्हटल्यावर राहायचं कसं? तो बिचारा वळला आणि सुटकेस घेऊन दारातून बाहेर पडला. त्या दाराच्या बाहेर न्यूयॉर्क नाही, जग नाही, काही नाही. काळी रंगवलेली भिंत आणि एक स्टूल आहे, हे टेडला माहीत होतं. त्या दोन हातांच्या जागेत तो पोरगा अंधारात भिंतीला नाक लावून उभा असणार आणि बाहेर लोक त्याच्या सुटकेच्या टाळ्या वाजवत असणार. टेडला एकदम श्वास कमी पडल्यासारखं झालं. त्यानं मफलर सैल केला. मफलरचा काही संबंध नव्हता.

कारण ते वाक्य नाटकातलं नव्हतंच. ते सिनेमातलं होतं. 'दुपारची पाळी' हे नाटक तळघरातून वरच्या मोठ्या थिएटरात गेलं, वर्षभर चाललं, आणि कॅलिफोर्नियातून बोलावणं आलं. सिनेमा तूच लिही, तूच दिग्दर्शित कर. टेड गेला. कोण जाणार नाही? सिनेमा झाला, आणि उपनगरातल्या एका थिएटरात लोकांना तो गुपचूप दाखवला गेला, कारण तिकडे सिनेमा आधी असा चाखायला देतात. चाखणाऱ्यांनी शेवटाला नाक मुरडलं. मुलगा जात का नाही? बाप असा कसा? तेव्हा कॅलिफोर्नियात भर दुपारी, उभ्या केलेल्या गाडीत बसून, स्टिअरिंगवर कागद ठेवून टेडनं ते वाक्य लिहिलं होतं. गाडी तापली होती, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि त्याला लवकर संपवून काहीतरी गार प्यायचं होतं. तेवढ्यावर त्याचं नाव झालं. ते वाक्य लोकांनी कपांवर छापलं. शाळांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक ते म्हणू लागले. एका दाताच्या डॉक्टरनं टेडच्या तोंडात दोन्ही हात असताना ते त्याला म्हणून दाखवलं आणि दाद मिळेल म्हणून थांबला. पुढे टेडनं आणखी दोन सिनेमे केले. एक कुणी पाहिला नाही, दुसरा संकलनात त्याच्या हातून काढून घेतला. तो न्यूयॉर्कला परत आला, नाटकं लिहिली, बरी लिहिली, आणि प्रत्येकाच्या परीक्षणाची सुरुवात 'शेगडीवाले व्रेतोस' अशी झाली. दोन बायका आल्या आणि गेल्या. दुसरी जाताना दारात म्हणाली, आता म्हण की ते तुझं वाक्य. तो हसला होता. नंतर त्याला वाटलं, हसायला नको होतं.

प्रयोगानंतर थिएटरच्या बाजूच्या बोळात, हे जुनं नाटक पुन्हा रंगमंचावर आणणारी निर्माती मिरियम ओस्लँडर डब्यातलं सॅलड उभ्यानंच खात होती. मिरियम बोलते तेव्हा काटा हवेत नाचवते. समोरच्यानं डोळे सांभाळायचे. "ऐकलंस ना?" ती म्हणाली.

"ऐकलं. ऑगीला सांग, पाठांतर कर."

"ऑगी मेकअपच्या खोलीत रडतोय. म्हणतो, टेड मला मारून टाकेल. मी म्हटलं, टेड तुझी पापी घेईल."

"मिरियम."

"ऐक तर खरं. शुक्रवारी दुपारी नाटक गोठतंय. शनिवारपासून समीक्षक. एकदा गोठलं की स्वल्पविराम हलणार नाही, तुला माहितीय, हा तुमच्याच लोकांचा नियम. तेव्हा जे काय ते शुक्रवारच्या आत. मला तो शेवट पाहिजे. सगळ्यांना तोच पाहिजे. लोक त्याच्यासाठीच येतात रे, आणि तू त्यांच्या तोंडावर दार लावतोस."

"नाटकाचा शेवट दार लावण्याचाच आहे."

"म्हणून तर तुला विचारतेय! नाटकात तुझ्या सहीशिवाय मला एक अक्षर हलवता येत नाही. तू नाही म्हण, समीक्षक दोन बरे शब्द लिहितील, आणि महिन्याभरात आपण सगळे घरी. ऑगी धरून. या वयात त्याला पुन्हा कोण घेणार? तुला तरी कोण घेणार?"

"सिनेमात मला कुणी विचारलं नव्हतं," टेड म्हणाला. बोलल्या बोलल्याच त्याला कळलं की हे खोटं आहे.

मिरियमनं काटा खाली केला. "सिनेमात तूच बदललंस, टेड," ती जरा हळू म्हणाली. आणि डब्यातला शेवटचा ऑलिव्ह तिनं त्याला देऊ केला.

टेडला त्या दुपारी घरी जाववेना. आयुष्यभर त्याची तक्रार होती की सिनेमाच्या लोकांनी त्याला पकडून ठेवलंय, आणि नाटक ही एकच जागा आहे जिथे त्याचा शब्द त्याचा आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. आता त्या जागेत तो एकटा उभा होता, किल्ली त्याच्याच खिशात होती, आणि बाहेर सगळं जग त्याला म्हणत होतं, जा. हो म्हणावं तर त्या तळघरातला अंधार कायमचा गेला, कारण पुढे जो कुणी हे नाटक करील तो हाच शेवट करील. नाही म्हणावं तर नाटकच बंद, म्हणजे अंधार बघायलाही कुणी नाही. कुठूनही आलं तरी भिंत. चालता चालता त्याला दार आठवलं. काळं रंगवलेलं नव्हे, खरं; ॲस्टोरियाच्या ग्रीक वस्तीतल्या बाबांच्या डायनरचं, म्हणजे खानावळीचं, पितळी मुठीचं, हिवाळ्यात फुगून घट्ट बसणारं. त्या दारात सुटकेस घेऊन उभा राहिलेला मुलगा मुळात नव्हताच. ती त्याची थोरली बहीण होती, व्रूला. तिला ऑल्बनीला शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली होती. टेड, म्हणजे तेव्हाचा थानासी, बाकावर बसून साखरेच्या बरण्या भरत होता. बाबा तव्यावरून नजर न उचलता म्हणाले, दार लाव, थंडी आत येतेय. तिनं लावलं, आतून. दुसऱ्या वर्षी त्याच दारातून टेड निघून गेला, पण त्या सकाळी बाबा बाजारात मासळी आणायला गेले होते. पुढे नाटक लिहिताना व्रूलाच्या जागी मुलगा आला, मुलाचा निक झाला, आणि निक म्हणजेच टेड असं सगळे धरून चालले. टेडनं कुणाला दुरुस्त केलं नाही. पुढे पुढे तर राहून गेलेला आपणच, असं त्यालाही मनापासून वाटू लागलं होतं.

गुरुवारी सकाळी तो व्रूलाकडे गेला. डायनर बंद होऊन दोन वर्षं झाली होती, खाली आता फोन दुरुस्तीचं दुकान होतं, पण वरच्या दोन खोल्या तिच्याकडे होत्या. ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून रानभाजी निवडत बसली होती. "टेबलाला हात लावू नकोस, माती आहे," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे बघितलं. "कुणी मेलं का?"

"नाही."

"मग गुरुवारी कसा आलास? बस. वाळला आहेस. तिकडं खायला घालतात की नुसत्या टाळ्या?"

त्यानं सांगितलं. सगळं, ऑगीचं, मिरियमचं, शुक्रवारचं. व्रूला मुळं खुडत ऐकत होती. तिनं त्याचं एकही नाटक थिएटरात पाहिलं नव्हतं. दुपारच्या प्रयोगाच्या वेळी तिच्याकडे जेवणाची गर्दी असायची आणि संध्याकाळच्या वेळी त्याहून जास्त. सिनेमा मात्र तिनं पाहिला होता. तो सगळ्या गल्लीनं पाहिला होता.

"खरं सांगू?" टेड म्हणाला. "बाबा असं कधी म्हणालेच नाहीत. मी गाडीत बसून रचलं ते. म्हणून मला ते नाटकात नकोय. नाटकात निदान खोटं नको."

"म्हणाले की," व्रूला म्हणाली.

"काय म्हणाले?"

"तेच. तुझं ते शेगडीचं." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "तुझा सिनेमा लागला ना, तेव्हा तीनदा जाऊन बघितला त्यांनी. स्वतःच्या पैशांनी. तिसऱ्यांदा तर शेजारच्या न्हाव्याला घेऊन गेले. आणि मग एक दिवस, भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली, मी कॉफीच्या कपांवर झाकणं लावतेय, आणि बाबा शेगडीपाशी उभे राहून मला म्हणतात, तू जा, शेगडीकडे मी बघतो. इंग्रजीत! जन्मात माझ्याशी इंग्रजी बोलले नव्हते. तुझ्या त्या नटासारखी मान वाकडी करून."

टेडनं विचारलं, "मग?"

"मग काय? मी चाळिशी ओलांडलेली बाई. कुठं जाऊ? ऑल्बनीला? तिथं काय माझी जागा धरून ठेवली होती कुणी? आणि ते खरंच म्हणत होते रे, थानासी, तेच तर वाईट. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. इतकी वर्षं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तुझ्याकडून उसनं घेऊन." ती हसली, पण हात थांबला होता. "मी म्हटलं, बाबा, सूप बुडाला लागतंय. आणि लागतच होतं. ते वळले आणि ढवळायला लागले. झालं. पुन्हा कधी विषय निघाला नाही."

टेड भाजीच्या मातीकडे बघत बसला. त्याला दुःख झालं होतं, खरंखुरं. आपण एक खोटं रचलं आणि एका म्हाताऱ्या माणसानं ते खरं करून दाखवलं, आणि तेही, जिला ते हवं होतं तिला ते निरुपयोगी झाल्यावर. आणि त्याच क्षणी, त्या दुःखाच्या बाजूनंच, त्याच्या आतला जुना कारागीर जागा झाला आणि म्हणाला, हाच शेवट. बाप म्हणतो जा, मुलगा म्हणतो सूप बुडाला लागतंय, आणि एप्रन बांधतो. मिरियमला तिचं वाक्य मिळतं, मला माझा अंधार. इतका बरोबर, इतका घट्ट बसणारा शेवट त्याला आयुष्यात सुचला नव्हता. त्याला स्वतःची किळस आली. तरी तो बोललाच.

"व्रूला, ते वाक्य मला दे."

"कुठलं?"

"सुपाचं."

तिनं हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले. घरातही तिच्या कमरेला एप्रन होता, हे त्याच्या आताच लक्षात आलं. "नाही," ती म्हणाली.

"अगं, एकच वाक्य."

"नाही म्हटलं ना. सुटकेस माझी नेलीस, कोट नेलास, बाबांना नेलंस. दार नेलंस. मी काही बोलले? मला वाटलं, जाऊ दे, पोराचं पोट आहे त्याच्यावर. पण ते माझं आहे. ते मी बोललेय, आणि कुणी ऐकलंही नाही, बाबांनीसुद्धा नीट ऐकलं नाही. त्याच्यावर तिकीट लावायचं नाही." मग उठून तिनं भाजी सिंकमध्ये टाकून पाणी सोडलं. "जेवून जा. लिंबू पिळून देते."

तो जेवला. निघताना त्यानं शनिवारच्या दुपारचं एक तिकीट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं. ती पाठमोरी होती.

शुक्रवारी थिएटरात सगळे त्याचीच वाट बघत होते. ऑगी एका खुर्चीत कोकरासारखा बसला होता. टेडला वाटलं होतं, रात्रभरात काहीतरी सुचेल, दुसरं एखादं वाक्य, सुपाऐवजी पोळणारं, सांडणारं काहीतरी. इतकी वर्षं हेच तर केलं होतं त्यानं, एकाच्या जागी दुसरं. पण जे जे सुचलं ते तिच्याच वाक्याचा वेश बदललेला भाऊ निघालं, आणि त्याला प्रत्येक वेळी तिचा ओला हात दिसला. शेवटी तो रंगमंचावर चढला आणि म्हणाला, "ऑगी, तू बोललास तेच बोल. शेगडीचं."

मिरियमनं टाळी वाजवली. ऑगीनं डोळे मिटले.

"आणि निक जाणार नाही," टेड म्हणाला. "बाप जा म्हणतो. निक उभा राहतो. मग सुटकेस खाली ठेवतो, दार लावतो, एप्रन बांधतो."

"टेड, त्या टाळ्या मरतील," मिरियम म्हणाली.

"मरू देत."

निकचं काम करणारा नट चाचरत म्हणाला, "मध्ये मी काही बोलायचं नाही?"

"नाही."

"मग किती थांबू?"

"एक वाक्य बोलायला लागतं तेवढं."

"कुठलं वाक्य? म्हणजे, मनात काय धरू?"

"काही धरू नकोस. ते तुझ्याकडं नाही. वाट बघ फक्त."

नटानं मिरियमकडे बघितलं, मिरियमनं छताकडे. मग ती म्हणाली, "तुझं वाक्य तर मिळालं मला. भोकासकट घेते, काय करणार." दुपारी नाटक गोठलं. कुणी घोषणा वगैरे करत नाही. रंगमंच व्यवस्थापक पेन्सिल बाजूला ठेवतो आणि आपल्या प्रतीवर पेनानं तारीख घालतो. टेडला हे गोठणं नेहमी आवडायचं, काम झाल्यासारखं वाटायचं. आज त्याला वाटलं की आपल्या घरात एक खिडकी राहून गेलीय आणि गवंडी निघून गेलेत. त्या जागेत काय असायला हवं ते त्याला पाठ होतं. दर प्रयोगाला तो मागे उभा राहणार, ती जागा येणार, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर येऊन परत फिरणार. असं किती दिवस? नाटक चाललं तर कितीही.

शनिवारी पहिला अंक सुरू झाल्यावर मागचं दार किलकिलं झालं आणि व्रूला आत आली. चांगला करडा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. जागा दाखवणारी मुलगी तिला रांगेकडे न्यायला लागली तर ती नको म्हणाली आणि सरळ कठड्यापाशी टेडच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बसले की गुडघे आखडतात," ती कुजबुजली. मग रंगमंचाकडे बघून, "हॉटेल बरंच चकचकीत ठेवलंय यांनी. आपलं एवढं कधीच नव्हतं."

त्यानंतर ती बोलली नाही. मध्यंतरातही नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता, बघायचं धाडस नव्हतं; पण तिच्या कोटाला कपाटाचा वास येत होता, आणि बाबा बोलू लागले की तिचा श्वास थांबायचा ते कळत होतं. पुढे अंधारात कुठेतरी समीक्षक बसले होते. टेड त्यांना विसरला. शेवट आला. दारात निक, कोट, सुटकेस. ऑगीनं उलथणं थांबवलं, मान वाकडी केली, नटासारखी नव्हे, खरंच मान आखडलेल्या म्हाताऱ्यासारखी, आणि म्हणाला, "तू जा. शेगडीकडे मी बघतो."

टाळ्या उठल्या. कुणीतरी ओरडलं. निक हलला नाही. तो नुसता उभा होता, आणि एकेक करून टाळ्या थबकल्या, कारण लोकांना कळेना आता काय. मग पूर्ण शांत. ती जागा. टेडनं कठडा घट्ट धरला आणि दात आवळले. आणि त्याच्या कानाशी, ग्रीकमध्ये, थोडं चिडून, हात कामात असलेल्या बाईच्या आवाजात, व्रूला म्हणाली, "बाबा, सूप बुडाला लागतंय."

फक्त त्यानं ऐकलं. एवढ्या लांब रंगमंचावर ते पोचणं शक्य नव्हतं, तरी निकनं तेव्हाच सुटकेस खाली ठेवली. दार लावलं. कोट काढला. एप्रन बांधला. अंधार झाला, आणि कुणी टाळी वाजवली नाही, बराच वेळ.

"संपलं?" व्रूलानं विचारलं.

"संपलं."

"मग दार उघड. फार कोंडतंय इथं."

"हो," टेड म्हणाला, आणि मूठ कुठे आहे ते अंधारात चाचपडू लागला.